अंगठा कुठे पोचतो? टॉर्चच्या बटणाची गोष्ट

आजचा अख्खा एपिसोड एका बटणावर आहे. हसू नका, माझं त्या बटणाशी जुनं भांडण आहे.

आमच्या गावाकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आतल्या बॅटरीला सेल. शेतीपंपाची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात मी तात्यांबरोबर, म्हणजे माझ्या चुलत्यांबरोबर, उसाला पाणी पाजायला जायचो. दारं धरायची म्हणजे एका हातात खोरं आलंच. सरी भरली की माती ओढून बंद करायची, पुढची फोडायची. बॅटरीला उरतो एक हात, तोही चिखलाने भरलेला.

मी हौसेने ऑनलाइन एक 'टॅक्टिकल' टॉर्च मागवली होती. पाच मोड: हाय, मिडियम, लो, स्ट्रोब, एसओएस. सगळं मागच्या एका बटणावर. एका रात्री बांधावरून जाताना पुढे कुकरची वाफ सुटावी तसा आवाज आला. घोणस. टॉर्च मिडियमवर होती. उजेड वाढवायला बटण दाबलं, तर लो झाली. घाईत परत दाबलं, तर स्ट्रोब. त्या भकाभक उजेडात गवत, ऊस, बांध, सगळंच हलतंय असं वाटायला लागलं. मागून तात्यांचा आवाज, "हलू नगं. हाय तिथंच उभा ऱ्हा." त्यांच्या जुन्या पत्र्याच्या बॅटरीत ती दिसली. माझ्यापासून दोन पावलांवर, वेटोळं घालून. आम्ही हळूच मागे सरलो, तीही थोड्या वेळाने उसात गेली.

घरी आल्यावर मी विचार केला, तात्यांच्या बॅटरीत असं काय होतं? बाजूला सरकणारा खटका, अंगठ्याखाली. पुढे ढकलला की चालू, मागे ओढला की बंद. बस्स.

आता बटणांकडे येऊ. शेपटीला बटण असलेल्या टॉर्चमध्ये दोन जाती असतात, आणि बाहेरून त्या सारख्याच दिसतात. फॉरवर्ड क्लिकी अर्धवट दाबली की लगेच उजेड येतो, सोडली की जातो. पूर्ण 'टक' होईपर्यंत दाबली तर चालू राहते. रिव्हर्स क्लिकीत आधी टक, मग बोट सोडल्यावर उजेड. आणि चालू असताना अर्धवट दाबली की मोड बदलतो. माझी तीच होती. दुकानात ओळखायची असेल तर बंद टॉर्चचं बटण हळूहळू दाबा. टक व्हायच्या आधी उजेड आला तर फॉरवर्ड. अचानक, क्षणभर उजेड हवा असेल तर फॉरवर्डच घ्या, यात माझ्या मनात शंका नाही. पोलिस आणि सैन्याच्या कामासाठी ती पसंत करतात, तेही ह्याच कारणाने.

पण शेपटीच्या बटणाची एक गोची आहे. ते दाबायला टॉर्च मुठीत उलटी धरावी लागते, अंगठा मागच्या टोकावर, हात खांद्याजवळ. पाच मिनिटं ठीक आहे. तीन तास चालायचं असेल तर हात आपोआप खाली येतो, टॉर्च कमरेजवळ, आणि मग अंगठा बटणापर्यंत पोचतच नाही. पकड बदलावी लागते. टॉर्च पाण्यात पडते ती ह्याच वेळी!

खाली धरून चालायला बाजूचं बटण बरं. (हेडलँप का नाही? किडे थेट तोंडावर येतात. शिवाय खालून तिरपा उजेड टाकला की जमिनीवरच्या वस्तूची सावली पडते, डोळ्यांच्या रेषेतून टाकलेल्या उजेडात सगळं सपाट दिसतं.) फक्त अंधारात ते चाचपून सापडलं पाहिजे. गुळगुळीत गोल नळीवर सपाट बटण असेल तर बोट फिरत राहतं. क्लिप असेल तर तिचा खुणेसारखा उपयोग होतो: क्लिप तळहाताला टेकली की बटण अंगठ्याखाली, असं बसवून घ्या.

बाजूचं बटण बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक असतं. म्हणजे टॉर्च बंद असतानाही आतलं सर्किट किंचित करंट खात असतं. आणि बॅगेत चुकून दाबलं गेलं तर ताकदवान टॉर्च चांगलीच तापते, कापड होरपळू शकतं. उपाय सोपा आहे, मागचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवा. बऱ्याच टॉर्चमध्ये तेवढ्याने सर्किट तुटतं. आपल्या टॉर्चमध्ये तुटतं का, ते आधी घरी करून बघा.

शेवटी मी दोन बटणांची घेतली. मागे फॉरवर्ड क्लिकी, फक्त चालू-बंद. बाजूला मोडचं बटण, आणि स्ट्रोब त्या रांगेत नाही, ते बटण दाबून धरल्यावरच लागतं. घ्यायच्या आधी मी हात ओला केला, डाव्या हातात एक काठी धरली आणि उजव्याने चालू, वाढव, कमी, बंद असं पाच-सहा वेळा केलं. दुकानदार बघत होता. बघू दे.

सुट्टीला गेलो तेव्हा ती तात्यांनाच देऊन आलो. त्यांनी तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला, चिखलात निसटू नये म्हणून. बाजूचं बटण त्याच्याखाली झाकलं गेलंय. मी म्हटलं, "तात्या, मोड कसा बदलणार?" तर म्हणाले, "बदलायचाच कशाला? दिसतंय की."