विहिरीची वही

आम्ही कुडपणच्या बायका, पोलादपूर तालुक्यातल्या. आज बोलायचं आहे पाणी मोजण्याबद्दल, आणि त्यासाठी तुम्हाला थेट चंद्रपूरकडे घेऊन जाणार आहोत. आपल्या डोंगरात कोळसा नाही, सगळा काळा कातळ. पण कोळशाच्या खाणीशेजारी पाण्यावर लक्ष कसं ठेवायचं असतं, हे कळलं की आपल्या वाडीची विहीर कशी राखायची तेही कळतं.

चंद्रपूर, घुग्घुस, राजुरा, वणी, उमरेड या भागात वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कंपनीच्या उघड्या खाणी आहेत. उघड्या खाणीत बोगदा नसतो. वरची माती, मुरूम, दगड उचलून बाजूला टाकायचा आणि खालचा कोळसा काढायचा. टाकलेल्या मातीचे डोंगर उभे राहतात आणि शेजारी मोठा खड्डा पडतो.

हा खड्डा आसपासच्या विहिरींच्या तळापेक्षा खोल जातो. मग भोवतालच्या जमिनीतलं पाणी त्याच्याकडे झिरपू लागतं. काम चालू राहावं म्हणून ते पंपाने उपसून बाहेर सोडतात. एका खोल विहिरीवर रात्रंदिवस मोटर चालली, तर शेजारच्या उथळ विहिरीचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. इथे तेच फार मोठ्या प्रमाणावर होतं. जी विहीर जवळ, तिला आधी झळ लागते.

दुसरा धोका नाल्याला. पावसात ढिगाऱ्यांवरची माती वाहून नाल्यात आणि पुढे नदीत उतरते. काही ठिकाणी कोळशाच्या थरात लोखंड आणि गंधक असलेलं खनिज असतं. त्याला हवा आणि पाणी लागलं की पाणी आंबट होतं, त्यावर तांबूस साका धरतो. म्हणून ढिगाऱ्याभोवती चर खणायचे आणि गाळ बसायला तळी करायची, असा नियम आहे.

केंद्र सरकार खाणीला पर्यावरण मंजुरी देतं, तेव्हा पाण्याबद्दल अटी घालतं. नेहमीची अट अशी, की आसपासच्या ठरलेल्या विहिरींची आणि मोजणीसाठी मुद्दाम घेतलेल्या नळीविहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजायची: मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारी. पाण्याची प्रतही तपासायची. नाल्याचं पाणी खाणीच्या वरच्या अंगाला एकदा आणि खालच्या अंगाला एकदा, असं दोन्हीकडे घ्यायचं.

आता मुद्द्याचं. समजा, खाणीजवळच्या गावातली विहीर मार्चमध्येच आटली. बायका म्हणतात, खाणीमुळे आटली. समोरून उत्तर येतं, यंदा पाऊसच कमी झाला. खरं कोणाचं? ते ठरवायला तीन गोष्टी हाताशी लागतात. खाण सुरू व्हायच्या आधी त्याच विहिरीत त्याच महिन्यात पाणी किती होतं. खाणीपासून लांबच्या, तशाच जमिनीतल्या विहिरीत आज किती आहे. आणि दोन्ही वर्षी पाऊस किती पडला. लांबची आणि जवळची, दोन्ही विहिरी सारख्याच उतरल्या असतील तर पावसाकडे बोट जातं. पाऊस नेहमीसारखा, लांबची विहीर जागेवर आणि जवळचीच खाली गेली, तर खाणीला जाब विचारता येतो. मध्ये कोणी नवी बोअर मारली का, तेही बघावं लागतं.

यातली आधीची मोजणी नंतर कुठूनही आणता येत नाही. खड्डा पडल्यावर जुनी पातळी कोण सांगणार? आजी सांगतात, पूर्वी वैशाखातही हात घालून पाणी घेत होतो. त्या खरंच सांगतात. पण साहेबापुढे तारीख आणि आकडा लागतो.

आपल्याकडे सरकारही विहिरी मोजतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे काम १९७२ पासून करते. राज्यभरातल्या निवडक विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजल्या जातात. पण प्रत्येक वाडीच्या विहिरीपर्यंत ही मोजणी पोचत नाही. ती आपणच करायची.

आम्ही करतो ते सांगतो. विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक खूण केली आहे. न ताणणारी दोरी, तिच्या टोकाला वजन आणि दर फुटावर गाठ. दर महिन्याच्या १ तारखेला सकाळी, पहिली कळशी काढायच्या आधी, त्या खुणेवरून दोरी सोडायची. पाण्याला टेकली की गाठी मोजायच्या. आकडा वाढला म्हणजे पाणी खाली गेलं. वहीत तारीख, आकडा आणि मोजणारीचं नाव. दोघींनी मिळून मोजायचं, म्हणजे वाद राहत नाही. झऱ्याचं पाणी मोजायचं तर एक कळशी भरायला किती वेळ लागला, तो लिहायचा. पावसाचा आकडा तहसील कार्यालयात मिळतो, तोही उतरवून ठेवायचा.

पाण्याची प्रत बघायला जलजीवन मिशनचं किट आहे. गावातल्या पाच बायकांना त्याचं प्रशिक्षण द्यायचं असतं. तुमच्या गावात किट कपाटात पडलं असेल तर ग्रामपंचायतीकडे मागा. पिण्याच्या पाण्याचा सामू साडेसहा ते साडेआठ असावा. नमुना घेताना बाटली आधी त्याच पाण्याने तीनदा विसळायची. ओढ्याचं पाणी घेताना वर-खाली असे दोन नमुने घ्यायचे. दगडाची खाण असो, डोंगर फोडून काढलेला रस्ता असो की कारखाना, वरचं पाणी आणि खालचं पाणी शेजारी ठेवलं की फरक दिसतो. आपल्या सावित्रीच्या खोऱ्यात महाडला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. तिथल्या बायकांनाही ही रीत उपयोगी आहे.

आणि कागद मागायला लाजू नका. २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे अशी मंजुरी घेतलेल्या प्रकल्पाने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटी पाळल्याचा अहवाल द्यायचा असतो. तो लोकांसाठी खुला असतो. न मिळाल्यास माहिती अधिकारात अर्ज करता येतो. त्या अहवालातला आकडा आपल्या वहीशेजारी ठेवायचा. जुळला तर बरंच, नाही जुळला तर ग्रामसभेत विचारायचं.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं, ते पाण्यावरच्या हक्कासाठी. त्याच मुलखातल्या आपण. आपल्या पाण्याचं काय होतंय, हे विचारायचा हक्कही आपलाच आहे.

वही शंभर पानी पुरे. येत्या १ तारखेला पहिला आकडा लिहा. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत पैशांचा हिशोब झाला की विहिरीचाही वाचून दाखवा.