फूटीची शिडी आणि मल्टीचा हिशोब

(मंडळाच्या मदतनिधी स्नेहभोजनात, फूटी-टिपिंग गटातर्फे केलेलं भाषण)



जेवणाआधी बोलायचं आणि एकही स्लाइड दाखवायची नाही, या दोन अटींवर कार्यकारिणीने आम्हाला माइक दिला आहे. आम्ही म्हणजे मंडळाची फूटी-टिपिंग स्पर्धा चालवणारे चौघे. चौघेही तिशीतले, चौघेही इंजिनियर, चौघेही सॉफ्टवेअरमध्ये. स्लाइडशिवाय चार वाक्यं बोलायची आम्हाला सवय राहिलेली नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

विषय असा की आपल्या स्पर्धेत दर हंगामाला प्रत्येकी २० डॉलर प्रवेश फी असते आणि ती सगळी मदतनिधीला जाते. जिंकणाऱ्याला मिळतो एक चषक आणि वर्षभर मिरवायचा हक्क. गेल्या वर्षी एका हितचिंतकांनी सूचना केली, "अरे, हे पैसे असेच देण्यापेक्षा ग्रँड फायनलला एक चांगली मल्टी लावा की! चौपट करून द्या निधीला." सूचना चांगल्या मनाने केलेली होती. त्या वेळी आम्ही हसून विषय बदलला, पण त्यांना नीट उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. ते आज देतो.

पण आधी नवीन आलेल्यांसाठी थोडा खेळ. फूटीच्या मैदानावर दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांमधून चेंडू पायाने मारून पाठवला की गोल, त्याचे सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला की 'बिहाइंड', त्याचा एक गुण. २०२३ च्या ग्रँड फायनलमध्ये ब्रिस्बेनचे गोल होते १३ आणि कॉलिंगवूडचे १२. तरी कप नेला कॉलिंगवूडने, कारण त्यांचे बिहाइंड होते १८ आणि ब्रिस्बेनचे ८. गुण ९० विरुद्ध ८६. थोडक्यात चुकलं तरी काहीतरी पदरात पडतं, म्हणून निगेटिव्ह मार्किंगच्या परीक्षा देऊन आलेल्या आमच्यासारख्यांना हा खेळ लगेच आवडला.

आता शिडी. गुणतक्त्याला इथे 'लॅडर' म्हणतात. विजयाला ४ गुण, बरोबरीला २, पराभवाला शून्य. गुण सारखे झाले की टक्केवारी बघतात: हंगामभरात केलेले गुण भागिले दिलेले गुण, गुणिले शंभर. आपल्याला क्रिकेटमधला नेट रनरेट माहीत आहे, पण तिथे वजाबाकी असते, इथे भागाकार. त्यामुळे पावसात चिखलात ६०-३० असा जिंकलेला सामना आणि कोरड्या मैदानावर १२०-९० असा जिंकलेला सामना, दोन्हींत फरक तीसचाच, पण टक्केवारीला पहिला जास्त मानवतो. भक्कम बचाव असणाऱ्या संघाला शिडी अशी हळूच वर ढकलते. (हे सांगताना आमच्यातला एकजण दरवर्षी एक्सेल उघडतो. आज त्याचा लॅपटॉप घरी ठेवायला लावला आहे.)

ही टक्केवारी किती जिव्हारी लागते ते कार्लटनवाल्यांना विचारा. २०२२ साली शेवटच्या दोन आठवड्यांत ते आधी पाच गुणांनी हरले आणि मग कॉलिंगवूडकडून एका गुणाने, ७५-७४. वेस्टर्न बुलडॉग्जशी विजय सारखेच झाले, बारा-बारा. टक्केवारीत एक टक्कासुद्धा फरक नव्हता, पण बुलडॉग्ज आठवे, कार्लटन नववे, आणि तेव्हा फायनल्सला आठच संघ जायचे. त्या शेवटच्या सामन्यात कार्लटनचे बिहाइंड होते १४. त्यांतला एक जरी अजून पडला असता तर बरोबरी होऊन दोन गुण मिळाले असते आणि कार्लटन आत गेले असते. त्या सोमवारी ऑफिसात कार्लटनच्या माणसांशी कोणी बोलत नव्हतं, सुतकच होतं.

बरं, शिडी बघून पुढचं सांगता येतं का? फार नाही. संघ १८, प्रत्येकाचे सामने २३. म्हणजे सतरा जणांशी एकेकदा खेळून झाल्यावर सहा जणांशी दुसऱ्यांदा गाठ पडते, आणि ते सहा कोण हे प्रत्येकाचं वेगळं. पर्थच्या दोन संघांना महिन्यातून दोनदा तरी चार-चार तास विमानात बसावं लागतं. मेलबर्नचे संघ ट्रामने जाता येईल अशा मैदानावर खेळतात. एकाच शिडीवर उभे असले तरी सगळे सारखी चढण चढून आलेले नसतात. २०१६ मध्ये बुलडॉग्ज सातव्या क्रमांकावरून कप घेऊन गेले, १९५४ नंतर पहिल्यांदा. २०२५ मध्ये ॲडलेड शिडीच्या टोकावर होतं. फायनल्समधले दोन्ही सामने घरच्या मैदानावर हरून बाहेर गेलं. २०२६ पासून तर सातव्या ते दहाव्या क्रमांकाच्या चार संघांसाठी आणखी एक फेरी आली आहे. म्हणजे अंदाज चुकायला अजून जागा.

म्हणून तर टिपिंगमध्ये मजा आहे. फेरीचे नऊ सामने, नऊ नावं सांगायची, बरोबर आलं की एक गुण. मोनॅश विद्यापीठात १९९५ पासून एक वेगळी स्पर्धा चालत आली आहे, तिचा उल्लेख केल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. तिथे नुसतं नाव सांगून भागत नाही, किती खात्री आहे तेही टक्क्यांत सांगावं लागतं. पन्नास टक्के म्हणालात तर मिळणार शून्य. ऐंशी म्हणालात आणि बरोबर आलं तर चांगले गुण, चुकलं तर जास्त वजा. आणि शंभर टक्के खात्री सांगून चुकलात तर सूत्राप्रमाणे उणे अनंत! आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेला हे सूत्र लागू करावं असं आमचं नम्र मत आहे.

असो. आता त्या हितचिंतकांच्या मल्टीकडे येऊ.

सट्ट्यातल्या आकड्याला आपल्याकडे 'भाव' म्हणतात आणि तोच शब्द योग्य आहे. मुंबईचा मटका सुरू झाला तोही न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर. गिरणगावात त्याचे परिणाम पाहिलेली माणसं आज या सभागृहात बसली आहेत, त्यांना आम्ही काय सांगावं! सामन्याआधीच्या लेखांत, टीव्हीवर 'अमुक संघ १.९० ला' असं येतं ना, ते ऐकून वाटतं की कोणा जाणकाराने भाकीत केलं आहे. ती दुकानावरची किंमत आहे, दुकानदाराचा नफा धरून लावलेली. समजा दोन संघ अगदी तुल्यबळ आहेत आणि दोघांचाही भाव १.९०. तुम्ही दोघांवरही दहा-दहा डॉलर लावलेत. खर्च २०. कोणीही जिंको, हातात येतात १९. एक डॉलर दुकानात राहिला, आणि त्यासाठी दुकानदाराला फूटीतलं ओ की ठो कळायची गरज पडली नाही.

मल्टी म्हणजे असे अनेक अंदाज एकात गुंफायचे आणि सगळे बरोबर आले तरच पैसे. चार तुल्यबळ सामने घ्या. चारही बरोबर येण्याची शक्यता सोळात एक, म्हणजे दहा डॉलरला १६० मिळायला हवेत. १.९० चा चार वेळा गुणाकार केला की मिळतात साधारण १३०. आठ सामने गुंफलेत तर मिळायला हवेत २,५६०, मिळतात सुमारे १,७००. एका सामन्याला वीसात एक ठेवून घेणारा दुकानदार आठ सामन्यांच्या मल्टीत तिसरा हिस्सा ठेवून घेतो. आणि जाहिरात मात्र मल्टीचीच सगळ्यात मोठी! तेव्हा काका, निधीचे पैसे चौपट करायच्या तुमच्या योजनेत खात्रीने वाढणारा निधी एकच आहे आणि तो आपला नाही.

हे सगळं गणित हसत-खेळत सांगून खाली बसायचं, असा आमचा बेत होता. पण मदतनिधीच्या विश्वस्तांनी एक गोष्ट सांगायला सांगितली आहे, आणि ज्याची ती आहे त्यानेही 'सांगा' म्हटलं आहे. नाव, गाव, विद्यापीठ विचारू नका.

मास्टर्सला आलेला मुलगा. वडिलांनी गावाकडे शिक्षणकर्ज काढलेलं. घरात पाचजण, शुक्रवारी रात्री सगळे मिळून दहा डॉलरची मल्टी लावायचे. फूटी त्याला या मित्रांनीच शिकवली. एकदा चारशे डॉलर आले. पुढच्या हंगामात तो एकटाच लावायला लागला, आधी फूटी, मग रात्री दोन वाजता ज्यांची नावंही कधी ऐकली नव्हती अशा देशांतले टेनिसचे सामने. दुसऱ्या सेमिस्टरची फी भरायच्या आठवड्यात खात्यात सहाशे डॉलर उरले होते. लॅपटॉप विकला, मित्रांकडून उसने घेतले आणि घरी फोन करणं बंद केलं. आई रोज मेसेज करायची, 'जेवलास का?' त्यालाही तो उत्तर देत नव्हता. एवढ्या गुणी मुलाला हे कळलं कसं नाही, असं ज्यांच्या मनात आलं असेल त्यांना सांगतो, गणित त्याला आमच्याइतकंच येतं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावं सूक्त जुगाऱ्याचं आहे. फासे वाईट हे त्यालाही ठाऊक असतं, आणि तरी तो पुन्हा सभेकडे वळतो.

निधीने त्याच्या हातात रोख दिली नाही. सहा आठवड्यांचं भाडं थेट घरमालकाला दिलं आणि फी हप्त्यांनी भरण्यासाठी विद्यापीठाशी बोलायला एकजण सोबत गेला. 'बेटस्टॉप' या सरकारी नोंदवहीत त्याने स्वतःचं नाव घातलं. ती ऑगस्ट २०२३ पासून सुरू आहे, फुकट आहे. कमीत कमी तीन महिने किंवा जन्मभरासाठीही नाव घालता येतं, आणि मग देशातल्या कुठल्याही परवानाधारक ऑनलाइन वा फोनवरच्या सट्टा कंपनीला तुमचं खातं चालू ठेवता येत नाही. त्याने १८०० ८५८ ८५८ या हेल्पलाइनलाही फोन केला. मराठीत बोलायचं असेल तर दुभाषी सेवेचा नंबर १३१ ४५० आहे. दोन्ही नंबर या पुस्तिकेच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात छापले आहेत. ते पान फाडून फ्रिजला लावा, कोणाच्या घरात कोणाला लागेल सांगता येत नाही.

आणि मुलांकडे जरा लक्ष असू द्या. आमच्यातल्या एकाचा आठ वर्षांचा पुतण्या परवा विचारत होता, "काका, डॉगीज किती पेइंग आहेत?" कोण जिंकेल, असं त्याने विचारलं नाही. हे त्याला कुठल्या शाळेत शिकवलेलं नाही, सामन्याच्या मधल्या जाहिरातींतून आलेलं आहे. खासदार पेटा मर्फी यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने जून २०२३ मध्ये एकमुखाने सांगितलं होतं की ऑनलाइन सट्ट्याच्या जाहिराती तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने पूर्ण बंद कराव्यात. मर्फीबाई त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेल्या. आपल्या खासदाराला या शिफारशीबद्दल पत्र लिहायचं असेल तर मसुदा आमच्याकडे तयार आहे, सही तुमची.

आता मागणं. विश्वस्त सांगतात, त्या मुलासारखे अर्ज एकच नाहीत. भाडं, फी, घरी जायचं तिकीट, कारणं वेगवेगळी असतात. टिपिंगच्या फीतून एक-दोघांचं भागतं. उरलेलं तुमच्याकडून हवं आहे. शंभर डॉलरची मल्टी कोणाच्या डोक्यात असेल तर ती लागली असं समजून शंभर निधीत टाका. पावती मिळेल, जी मल्टीत मिळत नाही.

दाराशी डाव्या हाताच्या टेबलावर पाकिटं आणि टिपिंगचे फॉर्म आहेत. पहिल्या फेरीच्या टिप्स गुरुवारच्या सामन्याआधी आल्या पाहिजेत. विसरलात तर तुम्हाला नऊही पाहुणे संघ मिळतील, तक्रार ऐकली जाणार नाही. फॉर्मवर नाव वाचता येईल असं लिहा. मागच्या वर्षी 'एस. जोशी' चारजण होते आणि चौघेही शेवटपर्यंत आपणच पहिले आहोत असं सांगत होते.

पुऱ्या तळायला घेतल्या आहेत. या, बसा जेवायला.