औषध टिकवण्याची विद्या



औषधांविषयी व्याख्यान म्हटले म्हणजे श्रोत्यांना एखाद्या नव्या शोधाची नवलकथा ऐकण्याची अपेक्षा असते. आम्ही आज शोधाची कथा सांगणार नाही. शोध लागला, औषध तयार झाले, त्यानंतर जे घडते त्याविषयी बोलणार आहोत. औषध तयार झाले एवढ्याने रोगी बरा होत नाही. कारखान्यापासून रोग्याच्या शिरेपर्यंतच्या साऱ्या प्रवासात त्याचा गुण शाबूत राहावा लागतो. हा गुण टिकवण्याची एक स्वतंत्र विद्या आहे, आणि तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही.

विषय वरवर रुक्ष वाटेल. परंतु मृगाचा पाऊस पडला की, भूम-परांड्यापासून उमरगा-लोहाऱ्यापर्यंत घरोघरची माणसे रानात उतरतात, आणि त्याच दिवसांत सापही बिळांतून बाहेर पडतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने दगावली. वर्षाला सरासरी ५८ हजार! त्यांतील बहुतेक खेड्यांतली होती, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते. ज्या आजारावर शंभर वर्षांहून जुने औषध आहे, त्याने इतकी माणसे मरावीत याचा अर्थ काय? औषध आणि माणूस यांची वेळेवर आणि नीट गाठ पडत नाही, असाच ना?

सर्पदंशावरील या औषधाला लोक 'सापाची लस' म्हणतात. खरे पाहता ती लस नव्हे. लस ही आजार होण्यापूर्वी टोचतात आणि शरीराला स्वतःचे संरक्षण स्वतः तयार करावयास लावते. सर्पदंशावर दुसऱ्याच्या शरीरात तयार झालेले संरक्षण उसने घ्यावे लागते. म्हणून आम्ही त्याला 'प्रतिविष' म्हणू. फ्रान्समध्ये १८९४ साली आल्बेर काल्मेत, तसेच फिसालिक्स आणि बर्त्राँ यांनी या उपचाराचा पाया घातला. पद्धत थोडक्यात अशी : निरोगी घोड्याला सापाचे विष अगदी अल्प प्रमाणात, हळूहळू वाढवीत टोचावयाचे. घोड्याच्या रक्तात त्या विषाला जखडून टाकणारी प्रतिपिंडे तयार होतात. मग घोड्याचे थोडे रक्त काढून त्यातील तांबड्या पेशी घोड्याला परत द्यावयाच्या आणि वरचे पिवळसर रक्तद्रव्य ठेवून घ्यावयाचे. त्यावर पेप्सिन या पाचक द्रव्याची क्रिया करून प्रतिपिंडाचा उपयोगी भाग राखावयाचा, आणि रोग्याला बाधू शकेल असा नको असलेला भाग काढून टाकावयाचा. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषांवर एकत्र चालते.

आता हे प्रतिपिंड म्हणजे काय? ते एक प्रथिन आहे. मीठ किंवा तुरटी यांच्यापेक्षा प्रथिनाची जात निराळी. मिठाचा खडा फोडा, विरघळवा, उकळा, मीठ ते मीठच राहते. प्रथिनाचा गुण मात्र त्याच्या घडीत असतो. लांबलचक दोरा ठराविक रीतीने गुंडाळून त्याची कुलपात बसणारी किल्ली करावी, तशी ही रचना आहे. घडी मोडली की दोरा तोच असतो, पण कुलूप उघडत नाही. कोंबडीचे अंडे उकडले म्हणजे पारदर्शक बलक पांढरा व घट्ट होतो; पुढे ते अंडे कितीही थंड केले तरी पांढऱ्याचा पुन्हा पाण्यासारखा बलक होत नाही. तेच अंडे जोराने फेटले तर फेस होतो, आणि त्या फेसातही घडी मोडलेलीच असते. उष्णता आणि घुसळणे हे प्रथिनाचे दोन शत्रू ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांची गरज लागेल.

तिसरा शत्रू मोठा कपटी आहे. तो म्हणजे पाणी. पाण्यावाचून प्रथिनाची घडी उभी राहत नाही, आणि पाण्यातच राहिले तर काळाने ती ढासळते, गोळे धरते, जंतूंचे भक्ष्य होते. मग करावयाचे काय? भूम तालुक्यातील मंडळींना याचे अर्धे उत्तर ठाऊक आहे. दूध टिकत नाही म्हणून ते भट्टीवर आटवतात आणि खवा करतात. शंभर भाग दुधात ऐंशीहून अधिक भाग पाणीच असते. ते उडवले की माल हलका होतो, टिकतो आणि दूरच्या बाजारी जातो. परंतु खव्याचा मार्ग प्रतिविषाला लागू पडत नाही. त्याला भट्टीवर चढवले तर कढईत उकडलेल्या अंड्याचा भाऊच सापडेल. पाणी काढावयाचे, पण उष्णता लागू द्यावयाची नाही, अशी ही अडचण आहे.

निसर्गाने तिच्यावर एक चमत्कारिक वाट ठेवली आहे. एरवी बर्फाचे पाणी होते आणि पाण्याची वाफ होते. परंतु हवेचा दाब फार कमी केला, म्हणजे नेहमी ७६० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो तो साडेचार मिलिमीटरच्याही खाली आणला, तर बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन उडतो. कपाटात ठेवलेली कापराची वडी न वितळता झिजते, तसेच हे. या तत्त्वावर प्रतिविषाने भरलेल्या काचेच्या कुप्या प्रथम गोठवतात, मग निर्वात पेटीत ठेवून त्यांतील बर्फ सावकाश उडवतात. घाई केली तर मालाचा चिखल होतो. शेवटी शेकड्यास एकदोन भागांहून अधिक पाणी उरू नये असा कटाक्ष असतो. कुपीत राहते ती पांढरट, सच्छिद्र, विड्यातल्या चुन्याच्या खड्यासारखी हलकी वडी.

गोठण्यानेही घडी मोडू शकते. म्हणून मूळ द्रावातच ग्लायसीन किंवा साखरेच्या जातीचे एखादे द्रव्य घालतात. पाणी निघून जाताना ते प्रथिनाभोवती पाण्याची जागा घेते आणि घडीला आधार देते. जुन्या विहिरीतला गाळ काढताना कडेच्या दगडांना टेकू द्यावा, तसा हा टेकू. या विद्येचे फळ आपल्या देशाने एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. देवीची ओली लस उन्हाळ्यात थोड्या दिवसांत निकामी होई. १९५० नंतरच्या काळात लंडनच्या लिस्टर संस्थेतील लेस्ली कोलियर यांनी पेप्टोनचा टेकू देऊन ती गोठवून सुकवण्याची खात्रीची रीत बसवली. अशी सुकी लस पुढे आपल्या सीमेवरील बेळगावच्या संस्थेतही तयार होऊ लागली, आणि १९७५ साली भारतातून देवीचा रोग हद्दपार झाला.

मुंबईच्या परळची हाफकिन संस्था या सगळ्या परंपरेचे महाराष्ट्रातील मूळपीठ. १८९६ च्या प्लेगच्या साथीत वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली, आणि १९२५ साली तिला त्यांचे नाव मिळाले. औषधनिर्मितीचे काम १९७५ पासून वेगळ्या महामंडळाकडे आले, आणि पिंपरीच्या त्याच्या तबेल्यांतील घोड्यांनी महाराष्ट्रातील असंख्य शेतकऱ्यांसाठी रक्त दिले.

हाफकिन यांच्या आयुष्यातील एक प्रसंग आमच्या विषयाशी जवळचा आहे. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. ते सारे एकाच बाटलीतून टोचले गेले होते. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे पुरावा तपासता दिसले की, बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला होता. १९०७ साली ते दोषमुक्त झाले, पण मेलेली माणसे मेलीच. लस उत्तम होती. शेवटच्या हाताने ती बिघडली. जीवद्रव्यांच्या साऱ्या इतिहासात यापेक्षा मोठा धडा आम्हांस ठाऊक नाही.

आता तोच धडा आपल्या जिल्ह्यात लावून पाहू. सुक्या प्रतिविषाची कुपी ओल्या प्रतिविषाप्रमाणे सतत २ ते ८ अंशांत ठेवावी लागत नाही. भारनियमनाच्या काळात, वीज गेलेल्या गावात हा केवढा आधार! परंतु तिला थंडपेटी सक्तीची नाही याचा अर्थ तिला ऊन चालते असा कोणी करू नये. २५ अंशांच्या आत, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ती वर्षानुवर्षे टिकते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालच्या कोठारात ठेवलेली कुपी दिसायला तशीच राहील, पण आतला गुण किती उरला हे डोळ्यांना कळणार नाही.

याच्या उलट चूकही तितकीच वाईट. थंड म्हणजे चांगले, तर गोठवलेले आणखी चांगले, असा समज आढळतो. धनुर्वाताची लस गोठली की तिच्यातील तुरटीच्या जातीचे कण गोळे धरतात आणि ती निकामी होते. मधुमेहाचे इन्सुलिनही गोठल्यास फेकून द्यावे लागते. प्रतिविष गोठवताना टेकू दिलेला असतो आणि पुढे पाणीही काढून घेतलेले असते; घरच्या थंडपेटीत बर्फाच्या खणाला चिकटलेल्या इन्सुलिनला असे काही संरक्षण नसते. ज्यांच्या घरी थंडपेटी नाही त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. गोरोबाकाकांच्या तेरचा हा जिल्हा. माठाचे महत्त्व येथे आम्ही काय सांगावे? कोरड्या हवेत ओल्या मातीतून पाणी उडते आणि आतला भाग गार राहतो. घट्ट झाकणाच्या डबीत घातलेले इन्सुलिन ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात, सावलीला ठेवले तर ते बाहेरच्या उन्हापासून पुष्कळ वाचते.

कुपी दवाखान्यात नीट राहिली तरी शेवटची पायरी उरतेच. सुकी वडी १० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात पुन्हा विरघळवावी लागते. काही वड्या थोड्या मिनिटांत विरघळतात, काहींना अर्धा तासही लागतो. सुकवण्याच्या सोयीची ही किंमत आहे. रोगी तडफडत असताना धीर सुटतो आणि हात जोराने हलू लागतो. येथे फेटलेल्या अंड्याची आठवण करावी. कुपी हलवावयाची नाही, तळहातांत हळू फिरवावयाची. पहिली मात्रा साधारण ८ ते १० कुप्यांची असते. तेव्हा एकीमागून एक न घेता सर्व कुप्यांत एकदमच पाणी घालून ठेवावे, म्हणजे वेळ वाचतो. लहान मुलालाही मात्रा मोठ्या माणसाइतकीच लागते, कारण सापाने विष काही वय पाहून सोडलेले नसते. घोड्याच्या प्रथिनाने काही रोग्यांना तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ॲड्रेनॅलिनची सुई हाताशी भरून ठेवावी लागते. हे काम दवाखान्याचेच. म्हणून प्रतिविष घरी ठेवून टोचण्याचा विचारही कोणी मनात आणू नये.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सुकवण्याने कुपीत जे आहे ते टिकते. जे नाही ते येत नाही. देशातील प्रतिविषासाठी लागणारे विष बहुतांशी चेन्नईजवळच्या इरुळा सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येते. १९७८ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे उपकार मोठे आहेत. परंतु एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रदेशांत बदलते, हे आता सिद्ध झाले आहे. महाराष्ट्रातील माळरानावरच्या सापांचे विष गोळा होऊन त्यावरही घोडे तयार झाले, तर कुपीचा गुण येथील रोग्याला अधिक लागू पडेल. २०२४ साली केंद्र सरकारने सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृतियोजना जाहीर केली असून २०३० पर्यंत मृत्यू आणि अपंगत्व निम्म्यावर आणण्याचा संकल्प केला आहे. त्यात ही मागणी आपण धरली पाहिजे.

मग आपण, म्हणजे या मांडवात बसलेली माणसे, काय करू शकतो? आपल्या आरोग्यकेंद्रात प्रतिविष आहे काय, किती कुप्या आहेत, मुदत केव्हा संपते आणि त्या कोठे ठेवल्या आहेत, एवढे चार प्रश्न मृगापूर्वी ग्रामसभेत विचारता येतात. ते विचारण्यात वैद्यांचा अपमान नाही. उलट कोठार मागणाऱ्या वैद्याचे हात त्याने बळकट होतात. घरी कोणाला दंश झाला तर तो अवयव करकचून बांधू नये, चिरू नये, मांत्रिकाकडे घटकाही दवडू नये. रोग्याला धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू नये असा आधार द्यावा आणि थेट दवाखाना गाठावा. मण्यारीचा दंश पुष्कळदा झोपेत होतो आणि जखम दिसतही नाही. पहाटे पोटात दुखले, पापण्या जड झाल्या, तर थांबू नये.

एका घोड्याने रक्त दिले, विद्वानांनी शतकभर खपून ते टिकवण्याची रीत शोधली, कामगारांनी रात्रंदिवस निर्वात पेट्या सांभाळल्या. एवढ्या हातांनी जपलेली घडी शेवटच्या दहा कोसांत मोडू नये, एवढेच आमचे मागणे आहे.