उंदीर बरा होतो, माणसाचं काय?

(पेणच्या रामवाडीत तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "मॅडम, तुमच्या संशोधनावर बोला, पण सोपं बोला." तर सोपं सांगते. गेली अकरा वर्षं मी अल्झायमर झालेल्या उंदरांवर काम करते. उंदराला विसरभोळा करणं आम्हाला छान जमतं. त्याला बरं करणंही बऱ्याचदा जमतं. माणसाला बरं करणं अजून कुणालाच जमलेलं नाही. या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत माझं आयुष्य चाललंय, आणि त्याच जागेत औषधांच्या बाटल्या विकणारेही बसलेत. म्हणून हे तुम्हाला माहीत असायला हवं.

आधी आजार घरात कसा दिसतो ते बघा. दादीने जोहर पढली. अर्ध्या तासाने पुन्हा वजू करून ती मुसल्ल्यावर उभी राहिली. घरचे म्हणतात, किती इबादतगुजार आहे! रकाती तीन झाल्या की चार, हे तिला सांगता येत नाही. पण सूरह फातिहा मात्र एक शब्द न चुकता. मग आजार कसला, सगळं तर पाठ आहे! पण या आजारात होतं तसंच. लहानपणी घोकलेलं उशिरा पुसलं जातं, आज सकाळी काय खाल्लं ते सगळ्यात आधी. पुढे दादी म्हणते, सुनेने माझ्या बांगड्या चोरल्या. घरात भांडण लागतं, कुणीतरी ताईत आणून बांधतं, आणि डॉक्टरकडे जाईपर्यंत दोन-तीन वर्षं निघून जातात.

१९०६ साली जर्मनीत आलोइस अल्झायमर या डॉक्टरने अशाच एका बाईचा मेंदू मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर गुठळ्या होत्या आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते. गुठळ्या ज्या प्रथिनाच्या असतात ते अमायलॉइड, आणि गुंत्यांचं प्रथिन टाऊ. या दोन नावांवर जगभरातल्या हजारो लोकांच्या नोकऱ्या चालतात, माझीही.

आता उंदराकडे येते. उंदराला अल्झायमर होत नाही! म्हातारा होऊन मरतो, पण मेंदूत गुठळ्या नाहीत. त्याच्या अमायलॉइडमध्ये आणि आपल्यात फक्त तीन अमिनो आम्लांचा फरक आहे, पण तेवढा पुरतो. म्हणून शास्त्रज्ञांनी ज्या घराण्यांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या तरुण वयात येतो त्यांच्यातलं बिघडलेलं जनुक उंदरात घातलं. १९९५ आणि १९९६ साली असे पहिले गाजलेले उंदीर तयार झाले. पुढे एका जातीत पाच बिघाड एकत्र घातले. त्या पिल्लांच्या मेंदूत दोन महिन्यांतच गुठळ्या दिसू लागतात. पीएचडीच्या विद्यार्थ्याला हे सोयीचं, पाच वर्षांत प्रबंध होतो! पण आपल्याकडे बहुतेकांना हा आजार साठी-सत्तरीनंतर होतो, असं एखादं बिघडलेलं जनुक नसताना होतो, आणि सोबत मधुमेह असतो, रक्तदाब असतो, कान गेलेले असतात. माझा उंदीर तरुण, सडपातळ, आणि त्याला आजार दिलेला मी.

त्याची परीक्षा अशी. मोठ्या गोल टाकीत पाणी भरायचं, ते पांढरं गढूळ करायचं, आणि पाण्याखाली एक छोटा चौथरा लपवायचा. उंदीर पोहतो, पोहतो, आणि योगायोगाने चौथरा सापडला की वर चढून बसतो. रोज सोडलं की धडधाकट उंदीर भिंतीवरच्या खुणा बघून सरळ तिकडे जातो. आजारी उंदीर चौथ्या-पाचव्या दिवशीही टाकीच्या कडेकडेने फिरत राहतो. औषध देऊन तो पुन्हा सरळ पोहला की आम्ही लिहितो, "स्मृती सुधारली." लिहिताना मला दरवेळी दादी आठवते. मुसल्ल्यावर उभी राहिलेली बाई आणि टाकीत पोहणारा उंदीर यांच्यात किती अंतर आहे, ते त्या एका शब्दात कुठेच दिसत नाही.

हे अंतर किती महाग पडतं? १९९९ साली उंदरांना अमायलॉइडचीच लस टोचली, तर त्यांच्या मेंदूतल्या गुठळ्या घटल्या. सगळीकडे आनंद झाला. मग माणसांवर चाचणी झाली. लस घेतलेल्या २९८ जणांपैकी १८ जणांच्या मेंदूला आणि त्याच्या आवरणाला सूज आली. जानेवारी २००२ मध्ये लस देणं थांबवावं लागलं.

आता एका अशा शास्त्रज्ञाविषयी सांगते ज्यांचं आडनाव वाचून मी विद्यार्थिनी असताना थबकले होते: संजय पिंपळीकर, अमेरिकेतलं क्लीव्हलँड क्लिनिक. सगळे अमायलॉइडच्या मागे होते तेव्हा त्यांनी त्याच मूळ प्रथिनाचा दुसरा तुकडा धरला, पेशीच्या आत राहणारा. २००९ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की हा तुकडा जास्त असलेल्या उंदरांत टाऊ बिघडतो, स्मृती घसरते. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने सांगितलं, आम्हाला असं काही दिसत नाही. तुमच्यापैकी कुणाला वाटेल, मग एक जण खोटारडा असणार. तसं नसतं. उंदरांचं कूळ, वय, पिंजरा, मोजण्याची पद्धत, कशानेही उत्तर बदलू शकतं. दोन्ही निबंध आजही छापील आहेत, कुणीही वाचावेत. २०१० मध्ये पिंपळीकरांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सांगितलं की ज्याला काही लक्षण नाही त्याची केवळ खुणांवरून आजाराची चाचणी करण्याची घाई नको. प्रवाहाच्या उलट पोहायला दम लागतो.

खोटेपणाही असतो, तो वेगळा ओळखायला शिका. २००६ साली 'नेचर'मध्ये उंदरांवरचा एक गाजलेला निबंध आला. त्यातल्या चित्रांत फेरफार झाल्याचं पुढे उघड झालं आणि २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला. अठरा वर्षं! तेवढ्या काळात किती जणांनी त्या आधारावर प्रयोग केले असतील.

मला बकरी ईदच्या आसपास हमखास विचारतात, "उंदीर मारता, गुनाह नाही का?" प्रश्न चांगला आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्रत्येक संस्थेत समिती असते. किती उंदीर, कशासाठी, वेदना कमी कशी करणार, कमी उंदरांत भागेल का, हे लिहून द्यावं लागतं. एकेकाचा हिशेब असतो. माझ्यापुरतं म्हणाल तर, ज्या प्रयोगातून काही कळणारच नव्हतं त्यात मेलेला उंदीर मला टोचतो.

अश्वगंधेचं उदाहरण तुमच्या कामाचं आहे. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ या बंगळुरूच्या ज्येष्ठ संशोधक. २०१२ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की अश्वगंधेच्या मुळाचा अर्क महिनाभर तोंडाने दिला तर आजारी उंदरांच्या मेंदूतलं अमायलॉइड घटतं आणि वागणूक सुधारते. आणि गंमत म्हणजे हे यकृतामार्फत होतं. सुंदर काम. पण बाजारातल्या डबीवर "संशोधनाने सिद्ध" लिहिलेलं दिसलं की एकच प्रश्न विचारा: कुणावर? स्वतः रवींद्रनाथ पुढे माणसांकडे वळल्या. कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात, श्रीनिवासपूर तालुक्यात, पंचेचाळिशीपुढच्या दहा हजार गावकऱ्यांना वर्षानुवर्षं तपासत राहायचं, असा तो प्रकल्प आहे. असं काम रायगडात व्हावं अशी माझी इच्छा आहे.

औषध काहीच नाही का? २०२३ मध्ये अमेरिकेत लेकॅनेमॅबला पूर्ण मंजुरी मिळाली. ते गुठळ्या काढतं. दीड वर्षात घसरण २७ टक्के मंदावली; थांबली नाही. मेंदूत सूज आणि रक्तस्राव होऊ शकतो म्हणून वारंवार एमआरआय लागतो, आणि उपयोग सुरुवातीच्या टप्प्यातच. उंदरांची मेहनत अगदी वाया गेली नाही, एवढं म्हणता येईल.

आपल्या देशात साठीपुढच्या दर शंभरात सात जणांहून थोड्या जास्त लोकांना स्मृतिभ्रंश असावा, म्हणजे सुमारे ८८ लाख, असा २०२३ चा अंदाज आहे. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. 'लॅन्सेट'च्या समितीने २०२४ मध्ये चौदा कारणं मोजली. ती दूर केली तर सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू किंवा लांबू शकतो. त्यात रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणं, सिगारेट आहे. आणि लहानपणी शाळा सुटणंही आहे. आठवीनंतर घरी बसवलेल्या बहिणीचा हिशेब साठ वर्षांनी असाही निघू शकतो. हे उंदरावर तपासता येत नाही. उंदराला कुणी शाळेतून काढत नाही.

घरात कुणी विसरू लागलं तर आधी पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा तुमच्या डॉक्टरकडे न्या. थायरॉइड, बी-१२, नैराश्य, यांनीही माणूस विसरतो आणि ते उपचाराने सुधारतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत फोन आहे. बांगड्या चोरल्या म्हणणाऱ्या दादीशी वाद घालू नका, सोबत शोधायला लागा. आणि रात्री तिच्यामागे जागणाऱ्या आईला आठवड्यातून एक रात्र तरी झोपू द्या. तुम्ही जागा, मुलगेसुद्धा.

बस, आता प्रश्न घेऊ. मागची ती मुलगी मघापासून हात वर करून बसली आहे.