हा तास कुणाचा?



बटाट्याचं ऑम्लेट, म्हणजे तोर्तिया, स्पेनमध्ये घरोघरी होतं. सामान साधं : अंडी, बटाटे, मीठ, ऑलिव्ह तेल; कुणी कांदाही घालतं. पण बटाटे सोलायचे, पातळ चिरायचे, मंद आचेवर तेलात मऊ करायचे, निथळून फेटलेल्या अंड्यांत मुरवायचे, अर्धवट शिजल्यावर तव्यावर थाळी पालथी घालून ते जड ऑम्लेट उलटायचं. तासभर सहज जातो.

१९७५ पर्यंत तिथल्या विवाहितेला नोकरीसाठी नवऱ्याची परवानगी लागे. चुलीपुढच्या तासाला मात्र कुणाची परवानगी लागत नसे! ८ मार्च २०१८ रोजी तिथल्या स्त्रियांनी संप केला, तो घरकामाचाही. बाल्कन्यांत ॲप्रन टांगले.

म्हणून मी विचारते : आपल्या घरातल्या अशा तासांचा हिशोब कोण ठेवतं?