जादू हवी, पण मोल देऊन



खेळ कशानं मोडतो? भांडणानं मोडतो, हे खरंच. पण पुष्कळदा तो मोडतो एकाच गड्याच्या हाती सारं गेल्यानं. तोच धावतो, बाकीचे नुसते बघत बसतात. आज हीच गोष्ट एका निराळ्या खेळाच्या आधारानं पाहू.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. चारसहा जण मेजाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो; बाकीचे योद्धा, जादूगार अशा भूमिका घेऊन गोष्ट पुढे नेतात. जिथे शंका असेल तिथे फासे निकाल देतात.

या भूमिकांत एक आहे एल्फ. युरोपातील जुन्या लोककथांतला हा जीव. खेळात तो तलवार चालवतो आणि मंत्रही टाकतो. आता सांगा, मग साधा योद्धा व्हायला कोण तयार होईल?

१९८१ च्या आवृत्तीनं यावर तोड काढली. दुसरी पायरी गाठायला योद्ध्याला अनुभवाचे २००० गुण लागत, जादूगाराला २५००, आणि एल्फाला ४०००. तेवढ्या गुणांत योद्धा तिसऱ्या पायरीवर पोचे! शिवाय दहाव्या पायरीपुढे एल्फाची वाट बंद.

यातलं पहिलं मोल रास्त, कारण ते सुरुवातीपासून द्यावं लागतं. दहाव्या पायरीचा अडसर मात्र उधारीसारखा. लाभ आज, भरणा फार पुढे. आणि तिथवर खेळ न पोचला तर भरणा कधीच नाही. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीनं अशा मर्यादा काढूनच टाकल्या.

आता आपणच एक विद्या रचू. समजा, एल्फाला झाडांशी बोलता येतं. छान! पण झाडं सारंच सांगू लागली, तर माग काढणाऱ्या गड्याला काम काय उरलं? म्हणून नियम करू : दिवसातून एकदाच विचारायचं. झाड सांगेल ते आपल्या सावलीत घडलेलंच. आणि झाडाला माणसांची नावं ठाऊक नाहीत. ‘रात्री तिघं इथून गेले,’ एवढंच ते म्हणेल. ते तिघं कोण आणि गेले कुठे, हे मागकऱ्यानं शोधायचं. पाहा, जादूची गंमत राहिली आणि सोबत्याची गरजही राहिली.

नियम बरा की वाईट, हे कागदावर कळत नाही. दोनतीन डाव खेळावे आणि प्रत्येकाला विचारावं, ‘आज तू काय केलंस?’ एखादा गप्प राहिला, तर नियम पुन्हा हाती घ्यावा.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हे वर्गात करून पाहावं. मुलांना एक शक्ती कल्पायला सांगा, आणि तिचं मोलही त्यांनाच ठरवू द्या. शक्ती मुलं चटकन सुचवतील. मोल ठरवताना मात्र त्यांना शेजारच्या गड्याचा विचार करावा लागेल. तेवढ्यासाठी हा खटाटोप.