दोन एकरांत गाय परवडते का?
हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. मी म्हणतो, नुसतं दूध मोजू नका. दुधाच्या खर्चात निम्म्याहून जास्त वाटा चारा-पेंडीचा. सगळंच विकतचं असेल, तर दर पडला की गोठा तोट्यात. पण ज्वारीचा कडबा घरचा, बांधावर नेपियर गवत आणि शेणखत परत रानात, म्हणजे चाऱ्याचाही खर्च कमी, खताचाही. शिवाय उसाचं बिल गाळपानंतर येतं. आमच्याकडे दुधाचा पगार दर 10 दिवसांनी. किराणा त्यावरच चालतो. मात्र घरची मजुरी वहीत लिहाच. पहाटे 5 ला धार आई काढते; तिचा रोज धरला की खरा नफा कळतो. आधी चारा मोजा, मग गाय घ्या. भेटू पुढच्या भागात!